कुंपणाचा खांब दोन पावसाळ्यांतच का कुजतो? बांधावरचं लाकूड विकण्याआधी आणि वापरण्याआधी हे वाचा

ताडकळस (ता. पूर्णा) : रानडुक्कर आणि रोह्यांच्या त्रासामुळे परिसरातल्या गावोगावी तार कुंपण आणि झटका मशीन आली. मशीन, तार, बॅटरी यावर शेतकरी हजारो रुपये घालतो. खांब मात्र बांधावरची सुबाभूळ, निलगिरी नाही तर बाभूळ तोडून ओलेच रोवतो. पहिल्या पावसाळ्यात खांब ताठ असतो, दुसऱ्या पावसाळ्यानंतर हलायला लागतो. हाताने ढकलला की जमिनीच्या रेषेवर कडकन मोडतो. वरचा भाग पाहिला तर लाकूड चांगलं, उपटून काढलेलं बूडही बऱ्यापैकी धड. मोडतो तो नेमका मातीच्या तोंडाशी.

दुसरीकडे तोच शेतकरी बांधावरचा साग, आंबा, चिंच व्यापाऱ्याला उक्ती देऊन टाकतो. झाड किती घनफूट भरलं, परवानगी कुणी काढायची, वाहतुकीचा कागद कुणाच्या नावावर, हे विचारलंच जात नाही. म्हणजे लाकूड विकताना एकदा नुकसान आणि वापरताना दुसऱ्यांदा. ही दोन्ही नुकसानं बऱ्याच अंशी टाळता येतात. त्यासाठी लाकूड येतं कुठून, मोजतात कसं, कुजतं का आणि टिकवतात कसं, एवढं समजून घेतलं पाहिजे.

देशाचं लाकूड जंगलातून येतं, हा समज जुना झाला

लाकूड म्हटलं की जंगल आठवतं. पण आज देशातल्या आरागिरण्या, प्लायवूडचे कारखाने आणि कागद गिरण्या प्रामुख्याने शेतकऱ्याच्या झाडावर चालतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात याचा अंदाज दिलेला आहे. सरकारी जंगलातून वर्षाला सुमारे ३२ लाख घनमीटर लाकूड निघतं, तर जंगलाबाहेरच्या झाडांमधून, म्हणजे शेत, बांध, परसदार, रस्त्याकडेच्या झाडांमधून सुमारे ४ कोटी २७ लाख घनमीटर. तेरापटीहून जास्त फरक.

हे का झालं, त्याला दोन मोठी कारणं आहेत. पहिलं, १९८८ चं राष्ट्रीय वन धोरण. जंगल हे आधी पाणी, माती आणि पर्यावरणासाठी, कारखान्याला लागणारं लाकूड कारखान्याने शेतकऱ्याकडून लावून घ्यावं, असा त्या धोरणाचा रोख होता. दुसरं, १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश. केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करायची नाही, असं न्यायालयाने बजावलं. आरागिरण्यांवरही बंधनं आली. तेव्हापासून शेतातल्या झाडाची किंमत वाढत गेली.

उरलेली गरज आयात भागवते. गुजरातच्या कांडला बंदरावर परदेशी ओंडके उतरतात आणि शेजारच्या गांधीधाममध्ये कापले जातात. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या लागवडीतला साग जास्त येऊ लागला. न्यूझीलंडचं पाईन लाकूड पॅकिंगच्या पेट्या आणि स्वस्त दारं-चौकटीत जातं. त्यामुळे परभणीच्या वखारीत 'साग' म्हणून मिळणारी चौकट चंद्रपूरची असेलच असं नाही, ती समुद्रापलीकडचीही असू शकते.

महाराष्ट्राचा साग आणि आपला जिल्हा

राज्यात इमारती लाकडाचं मोठं काम महाराष्ट्र वन विकास महामंडळाकडे आहे. हे महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय नागपूरला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाला देशभर नाव आहे. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो याच भागातून, बल्लारशाहच्या आगारातून. महामंडळाचं लाकूड लिलावाने विकलं जातं. ओंडक्यावर नंबर, लांबी, घेर टाकलेला असतो आणि बोली लावणारा माल बघून बोली लावतो. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की, सरकारचा ओंडका मोजल्याशिवाय विकला जात नाही. शेतकऱ्याचा मात्र विकला जातो.

परभणी जिल्हा राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. जवळचं सागाचं मोठं जंगल म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं किनवट. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचे आणि माळवदांचे खांब, तुळया, कडीपाट सागाचे दिसतात. ते लाकूड इतकी वर्षं टिकलं ते दोन गोष्टींमुळे. एक, ते जुन्या, भरलेल्या झाडाच्या गाभ्याचं होतं. दुसरं, खांब मातीत रोवलेला नव्हता, दगडाच्या उथळ्यावर उभा होता. या दोन गोष्टी पुढे परत लागणार आहेत, लक्षात ठेवा.

झाड आपलं असलं तरी तोडायला परवानगी लागते का?

काही जातींना लागते. 'महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४' या कायद्याच्या अनुसूचीत जी झाडं आहेत, ती स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, बीजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खाजण झाडं आहेत. आपल्या भागात यातला साग, आंबा, चिंच आणि जांभूळ हीच झाडं मुख्यतः येतात. ग्रामीण भागात अर्ज वन परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा.

अर्जाबरोबर सातबारा लागतो आणि त्यावर झाडांची नोंद असली तर काम सोपं होतं. नोंद नसेल तर झाड कुणाचं, कुणाच्या बांधात, इथूनच फाटे फुटतात. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये पिकाबरोबर बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे. बहुतेक जण सोयाबीन-कापूस नोंदवून मोबाईल खिशात घालतात. तिथेच पाच मिनिटं जास्त थांबून झाडं टाकली तर पुढे दहा-वीस वर्षांनी तो पुरावा कामी येतो.

तोडीची परवानगी वेगळी आणि वाहतुकीचा पास वेगळा, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोणत्या जातीच्या लाकडाला पास लागतो आणि कोणत्याला सूट आहे, हे जातीप्रमाणे आणि जिल्ह्याप्रमाणे बदलतं. म्हणून ट्रक भरण्याआधी वन कार्यालयात विचारणं सगळ्यांत बरं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लाकूड न्यायचं तर ऑनलाईन पाससाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक पास प्रणाली देशभर सुरू केली. बांबूबाबत मात्र मोठा दिलासा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये बांबू 'झाड' धरला जायचा, तो २०१७ च्या दुरुस्तीने त्या व्याख्येतून काढला. शेतात लावलेला बांबू तोडणं त्यामुळे सोपं झालं.

व्यापारी म्हणतो, "परवानगीचं आम्ही बघून घेतो." बघून घेऊ द्या, पण सही केलेल्या अर्जाची आणि मिळालेल्या परवानगीची प्रत आपल्या हातात आल्याशिवाय झाडाला करवत लावू देऊ नका. झाड तुमच्या सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे प्रश्न आधी तुम्हालाच विचारला जातो.

घनफूट मोजायची सुतळीची रीत

लाकडाच्या व्यापारात गोल ओंडका मोजायची जुनी रीत आहे. ओंडक्याच्या मधोमध सुतळी गुंडाळायची. तो झाला घेर. सुतळी चौपदरी दुमडायची, म्हणजे घेराचा चौथा हिस्सा आला. त्या चौथ्या हिश्शाला त्यानेच गुणायचं, मग लांबीने गुणायचं. चौथा हिस्सा इंचात आणि लांबी फुटात असेल तर शेवटी १४४ ने भागायचं.

उदाहरण घ्या. ओंडका १० फूट लांब, मधला घेर ४८ इंच.

४८ चा चौथा हिस्सा १२ इंच. १२ × १२ = १४४. १४४ × १० = १,४४०. त्याला १४४ ने भागलं की १० घनफूट.

आता यातली गोम. गणिताने गोल ओंडक्याचं खरं माप काढलं तर हाच ओंडका १२.७ घनफूट भरतो. म्हणजे सुतळीच्या रीतीने शंभरातला साधारण साडेएकवीस हिस्सा मापातच धरला जात नाही. चौकोनी कापताना पाठी आणि भुसा वाया जातो, त्यापोटी ही सूट मुळातच दिलेली असते. यात फसवणूक नाही, चालत आलेली रीत आहे. फसवणूक होते ती याच्या पुढे. "कापताना घट येते" म्हणून व्यापारी वरून आणखी दहा-वीस टक्के कापायला लागला, तर तो एकच घट दोनदा घेतोय, हे शेतकऱ्याला सांगता आलं पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे घेर कुठे मोजला. मधोमध ४८ इंच असलेल्या ओंडक्याचं शेंड्याकडचं टोक ४२ इंच असेल आणि माप तिथे धरलं, तर तोच ओंडका ७.६६ घनफूट होतो. समजा भाव घनफुटाला १,००० रुपये ठरला, तर एका ओंडक्यामागे २,३०० रुपयांहून जास्त गेले. दहा ओंडक्यांचा हिशोब ज्याचा त्याने करावा. सालीसकट मोजायचं की साल काढून, हेही आधी ठरवा, कारण जाड सालीच्या झाडात घेर बराच कमी होतो.

उभ्या झाडाचा अंदाज घ्यायचा तर जमिनीपासून साडेचार फुटांवर घेर मोजतात आणि सरळ, फांदी नसलेल्या खोडाची लांबी धरतात. हा नुसता अंदाज असतो. म्हणून शक्य असेल तिथे सौदा उक्ता न करता "तोडल्यावर मोजून" ठरवावा. मोठ्या व्यवहारात घनमीटरचा भाव निघाला तर गोंधळून जाऊ नका, १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

लाकूड कुजतं म्हणजे नेमकं काय होतं?

लाकूड आपोआप कुजत नाही, त्याला खाणारे असतात. मुख्य तीन.

पहिली बुरशी. तिला लाकूड हे खाणं, पण त्याबरोबर ओल आणि हवा दोन्ही लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. लाकूड कायम पाण्याखाली बुडालेलं असेल तर हवा मिळत नाही, तिथेही ही बुरशी जोर धरत नाही. म्हणून जुन्या विहिरीच्या तळाचं लाकूड टिकलेलं सापडतं. कुंपणाच्या खांबाचं कोडं इथेच सुटतं. वरचा भाग वाळलेला, खोल बुडाला हवा कमी. जमिनीच्या रेषेवर मात्र ओलही आहे आणि हवाही. बुरशीला तीच जागा सोयीची, म्हणून खांब तिथेच मोडतो. आपली काळी रेगडी पावसानंतर बरेच दिवस ओल धरून ठेवते, त्यामुळे हा त्रास आणखी वाढतो.

दुसरी वाळवी. ती जमिनीतून मातीची नळी करत वर चढते आणि आतून लाकूड पोखरते. वरची पातळ कवडी तशीच ठेवते, म्हणून चौकट बोटाने दाबेपर्यंत कळत नाही.

तिसरे छोटे भुंगे, ज्यांच्यामुळे वाळलेल्या लाकडातून किंवा बांबूतून पीठ पडतं. यांचं खाणं म्हणजे लाकडातली पिष्ट, साखर. कोवळ्या, पांढऱ्या लाकडात आणि बांबूत ती भरपूर असते.

इथे गाभ्याचं महत्त्व येतं. सागाचा ओंडका आडवा कापून बघा. बाहेरचा पांढुरका भाग आणि आतला गडद गाभा वेगळा दिसतो. पांढऱ्या भागातून झाड पाणी वाहतं, तो नरम आणि खाद्याने भरलेला. गाभ्यात झाड स्वतःच कडू, तेलकट द्रव्यं साठवतं, तेच त्याचं औषध. सागाचा टिकाऊपणा हा गाभ्याचा टिकाऊपणा आहे. पांढरा भाग मग तो सागाचा असो की आंब्याचा, मातीत टिकत नाही.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत वेगवेगळ्या जातींच्या गाभ्याचे तुकडे अर्धे जमिनीत पुरून ते किती महिने टिकतात, हे बघितलं जातं. त्यावरून तीन वर्ग पाडलेत. १२० महिने म्हणजे दहा वर्षं किंवा जास्त टिकणारं पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने दुसऱ्या, ६० महिन्यांच्या आत संपणारं तिसऱ्या. साग पहिल्या वर्गात, आंबा तिसऱ्या. पण दहा-बारा वर्षांच्या कोवळ्या सागात गाभा थोडा आणि पांढरं लाकूड जास्त असतं. म्हणून "साग होता तरी कुजला" असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलत नसतो. साग होता, पण पिकलेला नव्हता.

आधी वाळवण, मग औषध

ओलं लाकूड वापरलं की ते वाकतं, फाटतं, सांधे सुटतात आणि औषधही पीत नाही, कारण आत आधीच पाणी भरलेलं असतं. वाळवायची साधी पद्धत अशी. पानगळ झाल्यावर, हिवाळ्यात तोड करायची. साल लगेच काढायची. फळ्या किंवा खांब सावलीत, जमिनीपासून फूटभर उंचावर रचायचे. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या म्हणजे वारा खेळतो. कापलेल्या तोंडांना डांबर किंवा जाड रंग लावायचा, कारण पाणी तोंडातून वेगाने निघतं आणि तिथूनच चिरा पडतात. भर उन्हात लाकूड वाळवू नये, बाहेरून वाळतं आणि आत ओलं राहून फाटतं.

वाळलं की नाही हे किराणा दुकानच्या काट्यावर कळतं. फळीच्या मधला लहान तुकडा कापून वजन करा. समजा ५६० ग्रॅम भरला. तो मंद आचेवर किंवा भट्टीत वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा ५०० ग्रॅम राहिला. गेलेलं पाणी ६० ग्रॅम, कोरडं लाकूड ५००. म्हणजे ओल १२ टक्के. दारं-खिडक्यांना एवढी ओल चालते. २५ टक्क्यांच्या वर असेल तर अजून थांबा.

कारखान्यात लाकूड कसं टिकवतात?

लोखंडी बंद टाकीत वाळलेलं लाकूड भरतात. आधी आतली हवा खेचून घेतात, म्हणजे लाकडाच्या नळ्या रिकाम्या होतात. मग औषधाचं पाणी सोडतात आणि दाब देतात. औषध खोलवर शिरतं. ब्रशने लावलेलं औषध वरच्या कातडीपुरतं राहतं, दाबाचं औषध पांढऱ्या लाकडात आरपार जातं. गंमत म्हणजे सागाचा गाभा औषध घेतच नाही, इतका तो घट्ट असतो. पण पांढरं लाकूड सहज घेतं. म्हणजे निसर्गतः जे कच्चं, तेच औषधाने पक्कं करता येतं. सुबाभूळ, निलगिरीसारख्या शेतातल्या कोवळ्या खांबांना याचाच फायदा आहे.

जगभर गाजलेलं असं एक औषध भारतातच जन्मलं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकच्या क्षारांचं मिश्रण तयार केलं. तांबं बुरशी मारतं, आर्सेनिक किड्यांना मारतं आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्कं धरून ठेवतं. 'सीसीए' नावाने ते जगभर वापरलं गेलं. न्यूझीलंडची तर सगळी पाईन शेती अशा प्रक्रियेवर उभी राहिली. तिथे प्रक्रिया केलेल्या लाकडावर एच १ ते एच ६ असा वर्ग लिहितात. घरातल्या कोरड्या जागेचं वेगळं, जमिनीत रोवायचं वेगळं, समुद्राच्या पाण्यातलं वेगळं. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोचं आयएस ४०१ हे मानक कोणत्या वापराला कोणतं औषध, हे सांगतं. पण गावातल्या वखारीत तसा शिक्का बघायला मिळत नाही, मागायलाही कुणी जात नाही.

आर्सेनिक विषारी असल्यामुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडाला सीसीए लावणं बंद झालं. त्यामुळे हिरवट झाक असलेलं प्रक्रिया केलेलं लाकूड कुठे मिळालं तर कुंपणाला वापरा, पण त्याची ढलपी चुलीत घालू नका, त्याची गव्हाण करू नका, राख शेतात टाकू नका.

रेल्वेचे लाकडी स्लीपर हे या उद्योगाचं दुसरं मोठं गिऱ्हाईक होतं. पूर्णा जंक्शनच्या माणसाला स्लीपर काय ते सांगायला नको. पंजाबात ढिलवान, आसामात नाहरकटिया इथे स्लीपरना क्रिओसोट हे डांबरापासून काढलेलं तेल दाबाने पाजणारे कारखाने होते. पुढे सिमेंटचे स्लीपर आले आणि लाकडाचे मागे पडले. जुना काळा, तेलकट वासाचा स्लीपर भंगारात मिळाला तर तो बांधाला, फाटकाला उत्तम. स्वयंपाकाच्या सरपणाला किंवा हळद शिजवायला मात्र अजिबात नको.

घरच्या घरी काय जमतं?

बांबू, घरातल्या तुळया आणि सावलीतल्या लाकडाला सगळ्यांत सोपं आणि त्यातल्या त्यात कमी धोक्याचं औषध म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड. बोरॅक्स गरम पाण्यात लवकर विरघळतं. बांबूच्या पेरांना आतून सळईने भोकं पाडून तो आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवायचा, मग सावलीत उभा वाळवायचा. शेतात खड्डा करून त्यात जाड ताडपत्री अंथरली की टाकी तयार. पण हे औषध पाण्यात विरघळतं, पावसात धुऊन जातं. म्हणून छपराखालच्या लाकडालाच ते उपयोगी, जमिनीत रोवायच्या खांबाला नाही. उरलेलं पाणी शेतात ओतू नका. बोरॉन पिकाला चिमूटभर लागतं, जास्त झालं की पीक जळतं. जनावरं आणि लेकरं लांब ठेवा, हातात रबरी मोजे घाला.

ताज्या तोडलेल्या खांबाला मोरचुदाचं पाणी पाजायची जुनी रीत आहे. तोडल्यावर लगेच, साल आणि पाला तसाच ठेवून खोडाचं बूड मोरचुदाच्या पाण्यात उभं करायचं. पाला पाणी ओढतो, त्याबरोबर औषध वर चढतं. यासाठी प्लास्टिकचा ड्रम घ्या, लोखंडाचा घेतला तर मोरचूद त्यालाच खातं. त्याच कारणाने अशा खांबावर साधे लोखंडी खिळे आणि तार लवकर गंजतात, हा तोटा लक्षात घ्यावा.

जळकं ऑईल हा गावातला आवडता उपाय. त्याने पाणी थोडं अडतं, वाळवी काही दिवस लांब राहते. पण ते खोल शिरत नाही आणि इंजिनातले धातू त्यात असतात. गव्हाण, दावणीचा खुंटा, धान्याची कोठी यांना ते लावू नये. खांबाचं बूड जाळून काळं करायची पद्धतही जुनी आहे, पण कोळशाचा थर पातळ असतो, चीर पडली की बुरशी आत जाते आणि खांब उलट बारीक होतो. बीएचसी पावडर तर १९९७ पासून देशात बंद आहे. कुणी जुना साठा दिला तरी घेऊ नका. वाळवीचं कोणतंही औषध घेताना डब्यावर इमारत किंवा लाकूड असा वापर छापलेला आहे का, ते वाचा आणि प्रमाण तिथलंच धरा.

औषध नसेल तर निदान एवढं करा

खांब साल काढून, पूर्ण वाळवून मगच रोवा. गाभा जास्त असलेलं जून बाभळीचं लाकूड मिळालं तर तेच घ्या. वरचं टोक तिरकं कापा म्हणजे पाणी थांबत नाही. खड्ड्याच्या तळाला मुरूम-खडी टाका आणि वर मातीचा उंचवटा करून पाणी खांबापासून लांब वाहू द्या. जमिनीच्या रेषेच्या वर-खाली फूट-फूटभर डांबराचा लेप द्या, पण वाळलेल्या खांबालाच. ओल्या खांबाला डांबर लावलं तर पाणी आत कोंडतं. मोठ्या, कोपऱ्यावरच्या खांबांना वाड्याच्या खांबाची रीत वापरा. सिमेंटचा ठोकळा जमिनीत, त्यात लोखंडी पट्टी आणि लाकूड मातीच्या वर.

हिशोब साधा आहे. समजा २०० खांब आहेत आणि ते तीन वर्षं टिकतात, तर नऊ वर्षांत ६०० खांब लागले. तेच नऊ-दहा वर्षं टिकले तर ४०० खांबांचं लाकूड, मजुरी आणि तेवढी झाडं वाचली.

नवीन लागवड करणाऱ्यांसाठी

साग लावायचा तर निचऱ्याची जमीन बघा. चिबडणाऱ्या काळ्या रानात तो रडत वाढतो. तिथे बांबू किंवा बाभूळ बरी. दोन बाय दोन मीटरवर लावलेला साग तसाच दाट ठेवला तर सगळी झाडं काठ्याच राहतात, वेळेवर विरळणी केली तरच खोड भरतं. मुलगी जन्मली की शेतात दहा झाडं लावायची राज्याची 'कन्या वन समृद्धी' योजना आहे. त्यात सागाची ५, आंब्याची २ आणि फणस, जांभूळ, चिंचेचं प्रत्येकी १ रोप मिळतं. चौकशी सामाजिक वनीकरणाकडे करा.

"दहा वर्षांत साग, एकरी कोटी" असं सांगणाऱ्यांपासून मात्र सावध राहा. १९९० च्या दशकात साग लागवडीच्या नावाने देशभर लोकांचे पैसे बुडाले आणि सेबीला १९९९ मध्ये अशा योजनांसाठी कडक नियम आणावे लागले. सरकारी जंगलात साग साठ-सत्तर वर्षं राखतात, ते उगीच नाही.

थोडक्यात

* बांधावरची झाडं ई-पीक पाहणीत नोंदवा.
* साग, आंबा, चिंच, जांभूळ तोडण्याआधी वन परिक्षेत्र अधिकाऱ्याची परवानगी घ्या, प्रत स्वतःकडे ठेवा.
* सौदा मोजून करा. घेर मधोमध, सुतळी चौपदरी, घट एकदाच.
* गाभा बघून लाकूड घ्या. "साग आहे" एवढ्यावर पैसे देऊ नका.
* प्लायवूड घेताना आयएसआय चिन्ह आणि क्रमांक बघा. साध्या कामाला आयएस ३०३, ओलीच्या जागेला आयएस ७१०.
* खांब वाळवल्याशिवाय रोवू नका.
* औषध लावलेलं लाकूड चुलीत नाही, गव्हाणीला नाही.

पेरणीआधी कुंपणाचं काम काढणाऱ्यांनी खांबाची तोड याच हिवाळ्यात करून ठेवावी. चार-पाच महिने सावलीत पडलेला खांब ताडपत्रीखाली जागा अडवतो खरा, पण मृगात ओला रोवलेल्या खांबापेक्षा तो कितीतरी पावसाळे जास्त उभा राहतो.